पक्ष, साध्य, सिद्धता

मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारलं, भूमितीचं प्रमेय कसं लिहायचं, तर उत्तर तयार असतं. आधी आकृती. मग डावीकडे ‘पक्ष’ आणि दोन ठिपके, त्याखाली ‘साध्य’ आणि दोन ठिपके, त्याखाली ‘सिद्धता’. सिद्धता आली नाही तरी पक्ष आणि साध्य उतरवून ठेवावं, एखादा गुण पदरात पडतो, असं वर्गातले अनुभवी सांगत. ‘पक्ष’ का म्हणायचं, असं कुणी विचारलं नाही. पक्ष म्हणजे दिलेलं, साध्य म्हणजे सिद्ध करायचं, एवढ्यावर आमचं भागत होतं.

कॉलेजात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र घेतलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला आणि त्याच्या टोकावरून दोन नागमोडी रेघा वर नेल्या. म्हणाले, ‘‘हा डोंगर. हा त्यावरचा धूर. डोंगर हा पक्ष, आग हे साध्य आणि धूर हा हेतू.’’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, धुराचा काय हेतू असणार?’’ वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, ‘‘या विषयात तुमची अडचण हीच होणार आहे. शब्द सगळे तुमच्या ओळखीचे निघतील, फक्त ती ओळख दुसऱ्या कुणाची तरी असेल.’’

त्या वर्षी सत्यता कोष्टकं भरता भरता मी वहीच्या मागच्या पानांवर अशा शब्दांची यादी करत गेलो. पुढे विषय सुटला, यादी राहिली. आज ती उघडतो आहे.

सुरुवात विषयाच्या नावापासूनच करू. ‘तर्क’ हा शब्द मराठीत तसा संशयितच. ‘‘हा आपला माझा तर्क’’ असं म्हणणारा माणूस पुढे चुकला तर त्याला कुणी धरणार नाही. तर्क लढवतात, लोक तर्कवितर्क करतात, आणि नसत्या गोष्टी डोक्यातून काढणाऱ्याला तर्कटी म्हणतात. ‘तर्कशुद्ध’ हा एकच शब्द काय तो अब्रूदार. संस्कृतात ‘तर्क्’ म्हणजे विचार करणं, अटकळ बांधणं. आणि त्याच्या शेजारी ‘तर्कु’ असा एक शब्द आहे. तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. दोघांचं मूळ एकच, वळणे-पिळणे या अर्थाचं, असं भाषाभ्यासक मानतात. लॅटिनमधलं पिळणे या अर्थाचं ‘टॉर्क्वेरे’ हे क्रियापदही त्याच कुळातलं, आणि मोटारीच्या इंजिनाचा ‘टॉर्क’ त्यातूनच आलेला. म्हणजे तर्क करणं हे मुळात एखादी गोष्ट मनात फिरवून फिरवून तिचा धागा काढणं. तर्कुपासून हिंदीत तकला, तकली झाली. आपल्याकडे टकळी आहे. आणि मराठी माणसाच्या तोंडाची टकळी सुरू झाली की तिच्यातून सूत निघेलच असं नाही, हे आपण जाणतोच.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या लेखी या शास्त्रात ‘तर्का’ची जागा दुय्यमच होती. न्यायदर्शनात तर्क हे प्रमाण नव्हे, प्रमाणाचा मदतनीस आहे. ‘डोंगरावर आग नसती तर धूरही नसता, पण धूर तर दिसतो आहे’ अशी उलट बाजूने शंका झाडून टाकायची, एवढंच त्याचं काम. शास्त्राला इतर नावंही होती. कौटिल्याने ज्या चार विद्या सांगितल्या त्यांत पहिली आन्वीक्षिकी. ‘अनु’ म्हणजे मागाहून आणि ‘ईक्षा’ म्हणजे पाहणं. एकदा पाहिलेलं पुन्हा तपासून पाहणं म्हणजे आन्वीक्षिकी. बौद्ध पंडित हेतुविद्या म्हणत. आणि सर्वांत टिकलेलं नाव ‘न्याय’.

‘न्याय’ शब्द कोर्टाने इतका ताब्यात घेतला आहे की त्याचा तर्काशी संबंध सांगावा लागतो. व्याकरणकार तो ‘नि’ आणि ‘इ’ म्हणजे जाणे यांपासून साधतात. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, म्हणतात, ज्याच्या योगाने निष्कर्षापर्यंत नेलं जातं तो न्याय. मराठीने तो जुना अर्थ सगळाच टाकलेला नाही. ‘बळी तो कान पिळी या न्यायाने’ असं आपण म्हणतो तेव्हा तिथे कुणालाच न्याय मिळालेला नसतो, उलट धडधडीत अन्याय झालेला असतो. तरी ‘न्यायाने’ चालतं, कारण तिथे न्याय म्हणजे विचाराची एक रीत, एक साचा. बीजांकुरन्याय आणि काकतालीय न्याय हेही तसलेच साचे.

आता डोंगराकडे परत जाऊ. न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवून द्यायचं तर पाच वाक्यं बोलावी लागतात. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर. हा डोंगर तसाच धूर असलेला आहे. म्हणून त्यावर आग आहे. या पाचांची नावं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ही नावं या ना त्या रूपात मराठीत आज नांदत आहेत आणि बहुतेकांनी घरं बदलली आहेत.

प्रतिज्ञा आपल्याला भेटते ती पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर, किंवा भीष्माच्या तोंडी. न्यायात ती इतकी गंभीर नाही. ‘मी अमुक सिद्ध करणार आहे’ असं आधी जाहीर करणं, म्हणजेच भूमितीच्या वहीतलं ‘साध्य’. अर्थ फारसा लांब गेलेला नाही म्हणा. जाहीर केलं की निभावायची जबाबदारी आली, एवढा धागा दोन्हीकडे आहे.

हेतू मात्र पार दुसऱ्या गावाला गेला. न्यायात हेतू म्हणजे ज्याच्या आधारावर आपण निष्कर्ष काढतो ती खूण. धूर ही आगीची खूण. मराठीत हेतू माणसाच्या मनात शिरला: सद्हेतू, हेतुपुरस्सर, ‘त्याचा हेतू मला चांगला दिसत नाही’. मागच्या बाकावरच्या त्या मुलाची शंका म्हणून अगदी रास्त होती. या स्थलांतराचा परिणाम आपल्या चर्चांमध्ये रोज दिसतो. समोरचा काहीतरी म्हणतो; त्याने दिलेला हेतू बरोबर आहे का, हे पाहण्याऐवजी आपण त्याचा हेतू काय आहे ते शोधायला लागतो. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये किती भांडणं मावतात पाहा.

उदाहरणाची कथा गोड आहे. मराठीत उदाहरण ‘देतात’ तसंच ‘सोडवतात’. गणिताची दहा उदाहरणं सोडवून आणा, असं बाई सांगत. हिंदीभाषक मित्राला हे ऐकून नवल वाटलं होतं. त्याच्याकडे उदाहरण समजावून द्यायचं असतं आणि सोडवायचा असतो तो सवाल. उदाहरणाचंच दुसरं नाव दृष्टांत. ज्याच्याबद्दल सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांचंही एकमत आहे अशी गोष्ट म्हणजे दृष्टांत, अशी न्यायाची कल्पना. स्वयंपाकघरात चूल पेटली की धूर होतो, यावर कोण वाद घालणार? मराठी गद्य वयात येत होतं तेव्हाच महानुभावांनी हा शब्द उचलला. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. त्यापुढे लोकांनी या शब्दाला थेट देवघरात नेलं. ‘देवीने दृष्टांत दिला’ म्हणजे स्वप्नात येऊन सांगितलं. सर्वांना सारखं दिसावं म्हणून ज्याची योजना झाली, तो दृष्टांत अखेर एकट्याला, तोही झोपेत, दिसू लागला.

उपनय म्हणजे जवळ नेणं. नियम या डोंगराजवळ आणून लावणं. मुंजीतलं उपनयन त्याच ‘नी’ धातूचं, आणि निर्णयही त्याचाच. निगमन म्हणजे समारोपाचं वाक्य. पुढे इंग्रजी तर्कशास्त्र मराठीत शिकवायची वेळ आली तेव्हा ‘डिडक्शन’ला प्रतिशब्द हवा होता. शेवटच्या पायरीचं हे नाव सगळ्या जिन्याला दिलं गेलं. मग ‘इंडक्शन’चं काय? उपसर्ग बदलून ‘विगमन’ तयार झालं. ‘विगत’ म्हणजे सरलेलं, निघून गेलेलं. त्यामुळे संस्कृत जाणणाऱ्याच्या कानाला विगमन जरा खटकतं. पण जोडशब्दांना जोड लागते, आणि निगमन-विगमन ही जोडी कानाला अशी जमली की कुणी तक्रार केली नाही.

असंच शहाणपणाने बेतलेलं एक नाव ‘संवाक्य’. अ‍ॅरिस्टॉटलने ज्याला ‘सिलॉजिस्मॉस’ म्हटलं, म्हणजे एकत्र धरून केलेला हिशेब, त्यासाठी मराठीने सं आणि वाक्य जोडून हा शब्द केला. ग्रीक ‘सिन्’ आणि आपला ‘सम्’ दोघेही ‘एकत्र’ या अर्थाचे. शब्द कोशातून आलेला आहे, बाजारातून आलेला नाही, त्यामुळे त्याला दुसरा अर्थच नाही. परीक्षेला बसणाऱ्याला अशा शब्दांचा मोठा आधार वाटतो.

पक्षाला मात्र अर्थ फार. मूळ अर्थ पंख; ज्याला पंख तो पक्षी. पक्ष्याला दोन बाजू, म्हणून पक्ष म्हणजे बाजू. महिन्याला दोन बाजू, म्हणून शुद्ध पक्ष आणि वद्य पक्ष. भांडणाला दोन बाजू, म्हणून कोर्टातला पक्षकार. निवडणुकीला दोन बाजू असाव्यात अशी अपेक्षा, म्हणून राजकीय पक्ष. न्यायशास्त्रात पक्ष म्हणजे ज्याच्याबद्दल शंका आहे ते ठिकाण: डोंगर. जिथे आग नक्की आहे ते स्वयंपाकघर सपक्ष. जिथे आग नक्की नाही ते तळं विपक्ष. हिंदी वर्तमानपत्रातला ‘विपक्ष’ वाचताना मला अजून त्या तळ्याची आठवण होते. न्यायात विपक्षाचं काम फार महत्त्वाचं आहे: तुमचा हेतू तिथे सापडला की तुमचं अनुमान संपलं. लोकशाहीच्या पुस्तकातही विरोधी पक्षाचं काम याहून वेगळं लिहिलेलं नाही.

हेतू विपक्षात सापडतो त्याला नैयायिकांनी दिलेलं नाव ऐकून वर्ग पुन्हा हसला होता. ते नाव ‘व्यभिचार’. ‘वि-अभि-चर’, वाट सोडून भलतीकडे जाणं. डोंगरावर धूर आहे कारण तिथे आग आहे, असं उलट मांडून पाहा. आग हा हेतू धुराशी एकनिष्ठ नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. झाला व्यभिचार. फळ्यावर ‘सव्यभिचार हेतू’ असं मोठ्या अक्षरात लिहून सर शांतपणे खडू झटकत उभे राहिले. ते नाव मी आजतागायत विसरलेलो नाही, यातच त्याची उपयुक्तता आली. हेत्वाभासांच्या म्हणजे खोट्या हेतूंच्या त्याच यादीत ‘कालातीत’ आहे. आपण थोर साहित्याला कालातीत म्हणतो. न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रात, वेळ टळून गेल्यावर आलेला निकामी हेतू तो कालातीत.

आग आहे तिथे धूर, हा नियम का फसतो? कारण आग असून चालत नाही, जळण ओलं असावं लागतं. ही जी ओल्या जळणाची अट गुपचूप काम करत होती, तिला न्यायात ‘उपाधी’ म्हणतात. मराठीत उपाधीचे दोन अर्थ. एक बिरूद. दुसरा कटकट: ‘नसती उपाधी मागे लावून घेतली’. शास्त्रातली उपाधी दुसऱ्या अर्थाच्या जवळची. बिनबोभाट चालणाऱ्या नियमाच्या मागे लागलेली ती कटकटच. आणि हिच्यापासून आधुनिक पाठ्यपुस्तकातले दोन शब्द निघाले: अट नसलेलं विधान ते निरुपाधिक, अट असलेलं ते सोपाधिक. सोपाधिक म्हणजे जर-तरचं.

जर-तर म्हटलं की मराठी माणूस मान झटकतो. ‘‘जर-तरच्या गोष्टी सोडा’’ हे आपलं व्यवहारी शहाणपण. ‘तर’ हा संस्कृत ‘तर्हि’चा वंशज. आकारिक तर्कशास्त्राचा सगळा डोलारा या दोन अक्षरी शब्दांवर उभा आहे, आणि नव्या विद्यार्थ्याचा पाय हमखास इथेच अडकतो. कोष्टक सांगतं: ‘जर’ खरं आणि ‘तर’ खोटं असेल तेव्हाच संपूर्ण विधान खोटं, बाकी तिन्ही वेळा खरं. म्हणजे ‘जर’चा भाग खोटा असला की पुढे काहीही जोडा, विधान खरंच. हे कसं काय, म्हणून आम्ही हैराण. तेव्हा वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, तसंच ना?’’ अगदी तसंच नाही. म्हणीतलं ‘असत्या तर’ हे कल्पनेतलं आहे आणि कोष्टकातलं ‘जर’ नुसतं खऱ्याखोट्याचं. पण मिशा नाहीत तोवर त्या वाक्याला खोटं पाडता येत नाही, हा मुद्दा तिच्या म्हणीने जसा पोचला तसा कोष्टकाने पोचला नव्हता.

‘आकारिक’ हा शब्द आला आहे तर त्याच्याकडेही वळू. ‘फॉर्मल’ला सहज सुचणारा मराठी शब्द औपचारिक. तो घेतला असता तर घोटाळा झाला असता. औपचारिक म्हणजे वरवरचं, रीतीपुरतं. परिभाषा ठरवणाऱ्यांनी ‘आकारिक’ निवडला. विजेच्या बिलावरचा ‘स्थिर आकार’ आठवून त्याला पैशांचा वास येतो हे खरं, पण अर्थ नेमका आहे. या शास्त्राला वाक्यात काय भरलंय याच्याशी कर्तव्य नाही, वाक्याचा आकार काय हे पाहायचं. सर्व मासे झाडावर राहतात. बांगडा मासा आहे. म्हणून बांगडा झाडावर राहतो. हा युक्तिवाद वैध. सर्व हापूस फळं आहेत. सर्व आंबे फळं आहेत. म्हणून सर्व हापूस आंबे आहेत. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि युक्तिवाद मात्र अवैध. पटत नसेल तर हापूसच्या जागी केळी ठेवून पाहा.

न्यायाच्या शब्दांत हा विषय शिकताना खरी खोच आहे ती इथे. नैयायिकाला झाडावरचा बांगडा चालला नसता. त्याचं अनुमान जगाबद्दलचं ज्ञान देण्यासाठी होतं. डोंगर खरा, धूर खरा, आणि जळण ओलं आहे की नाही हेही तपासायचं. युरोपातून आलेल्या आकारिक तर्काला डोंगर आहे की नाही याची फिकीर नाही. जॉर्ज बूलने 1854 साली तर्काची बीजगणिती मांडणी पुस्तकरूपाने पुरी केली आणि गॉटलोब फ्रेगेने 1879 साली विचारासाठी स्वतंत्र चिन्हलिपी दिली. त्यानंतर तर वाक्यांतले शब्दही गेले आणि प, फ, ब उरले. आपण त्या परक्या मालावर घरच्या कोठारातली लेबलं लावली. बरीच बसली, काही सैल राहिली. सैल लेबलांपाशी विद्यार्थी अडखळतो, आणि त्याला वाटतं आपली बुद्धी कमी पडते.

शब्द गेले तरी त्यांच्या खुणा चिन्हांत राहतातच. ‘किंवा’साठी जे उघड्या टोपलीसारखं चिन्ह काढतात ते लॅटिन ‘वेल्’ या शब्दाचं पहिलं अक्षर. लॅटिनमध्ये ‘किंवा’ दोन: ‘वेल्’ म्हणजे हे, ते, किंवा दोन्ही, आणि ‘आउट्’ म्हणजे दोहोंपैकी एकच. मराठीतही ही सोय आहे, आपण लक्ष देत नाही इतकंच. ‘‘चहा किंवा कॉफी काहीही चालेल’’ यात यजमानाला मोकळीक आहे. ‘‘चहा घेणार की कॉफी?’’ याला ‘‘हो’’ असं उत्तर दिलं तर यजमान बघतच राहील. संवाक्याचे वैध प्रकार विद्यार्थ्यांना पाठ व्हावेत म्हणून मध्ययुगातल्या युरोपीय पंडितांनी बार्बारा, सेलारेंट अशी नावं रचली. त्यांतल्या स्वरांत विधानांचे प्रकार दडवलेले आहेत. होकारी विधानांची खूण ‘अफिर्मो’ म्हणजे ‘मी होकार देतो’ या शब्दातले पहिले दोन स्वर, नकारी विधानांची खूण ‘नेगो’ म्हणजे ‘मी नाकारतो’ यातले दोन स्वर. बार्बारा या नावात तीनही स्वर एकच, म्हणजे तीनही विधानं पूर्ण होकारी. झाडावरचा बांगडा हा बार्बाराचाच भाऊ.

नकाराच्या बाबतीत मात्र मराठी श्रीमंत आहे आणि चिन्हलिपी गरीब. तिच्याकडे एक आडवी-उभी खूण. आपल्याकडे नाही, नव्हे, नको, नये. ‘तो घरी नाही’ हा अस्तित्वाचा नकार, ‘हा तो नव्हे’ हा ओळखीचा, ‘मला नको’ हा इच्छेचा, ‘असं करू नये’ हा नीतीचा. वाक्य चिन्हांत उतरवताना या चौघांतले पहिले दोघे कसेबसे आत येतात आणि बाकीचे दारातच उभे राहतात. दुसरीकडे मराठी जिथे ढिली आहे तिथे चिन्हं कडक आहेत. ‘‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’’ म्हणजे एकही आला नाही, की काही आले आणि काही राहिले? बोलताना सूर सांगतो. लिहिताना सांगायला कुणी नसतं. तर्कशास्त्रात ही दोन वेगळी सूत्रं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी लिहिली की गुण जातात. ‘काही’चंही तसंच. ‘‘काही मुलं पास झाली’’ असं ऐकलं की आपण धरून चालतो की काही नापास झाली. शास्त्रातला ‘काही’ एवढंच सांगतो की निदान एक तरी पास झालं. सगळीच झाली असतील तर आनंद आहे.

आता यादीतलं शेवटचं पान, वादाचं. न्यायसूत्राने सुरुवातीलाच सोळा विषय मोजून दिले आहेत. त्यांत वाद, जल्प आणि वितंडा हे तीन ओळीने येतात. सत्य कळावं म्हणून दोघांनी केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याची मोडत राहणं ती वितंडा. किती स्वच्छ वाटणी! मराठीने काय केलं? वाद म्हणजे भांडण ठरवलं: वाद घालू नकोस, त्यांच्यात जागेवरून वाद आहे. वितंडेला वादाशी जोडून वितंडवाद केला, म्हणजे ज्या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या त्या परत एकत्र बांधल्या. त्याच यादीतलं ‘छल’ म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेणं. कुणी ‘नवकंबल’ म्हणावं, त्याच्या मनात नवं कांबळं. आणि समोरच्याने विचारावं, नऊ कांबळी कुठे आहेत दाखव. हिंदीत छल म्हणजे कपट झालं. मराठीत त्याचा झाला छळ. शब्दांचा छळ आणि माणसाचा छळ यांत फार अंतर नसतं, हे वर्गातल्या एखाद्या अबोल मुलाला विचारावं. आणि त्याच यादीतला ‘जाती’ हा शब्द म्हणजे वरवरच्या साम्यावर किंवा फरकावर बेतलेलं खोटं उत्तर. न्यायसूत्रात अशा जाती चोवीस आहेत. यावर मी वेगळं काही म्हणायची गरज नाही.

हा प्रकार फक्त संस्कृत शब्दांचा झाला असंही नाही. अरबीत ‘हुज्जत’ म्हणजे पुरावा, सिद्ध करणारा युक्तिवाद. आपल्या बाजारात भाजीवालीशी घालतात ती हुज्जत. ‘अंदाज’ फार्सीतून आला. त्याचे भाऊबंद तिरंदाज आणि गोलंदाज, म्हणजे नेम धरून टाकणारे. त्याचा सख्खा भाऊ ‘अंदाजा’ म्हणजे माप, आणि त्या मापाचंच जुनं रूप अरबीत जाऊन भूमितीचं नाव झालं: ‘हंदसा’. एका भाषेत ज्याची भूमिती झाली, त्याची दुसऱ्या भाषेत हवामानाची भाकितं झाली. आणि अनुमान? ‘अनु’ म्हणजे मागोमाग आणि ‘मा’ म्हणजे मोजणं. धूर पाहिल्यावर त्याच्या मागोमाग येणारं पक्कं ज्ञान ते अनुमान. मराठीत मात्र ‘‘माझं आपलं एक अनुमान’’ म्हणजे अंदाजाचाच चुलतभाऊ.

वहीच्या त्या पानाखाली मी तेव्हा एक शेरा लिहिला होता: ‘ज्ञानाचे शब्द घसरत घसरत अंदाजाला येतात, चर्चेचे शब्द भांडणाला.’ विशीतल्या माणसाला असे शेरे आवडतात. पण त्यात एक हेत्वाभास होता, आणि तो सरांनीच दाखवला. वही चाळून म्हणाले, ‘‘यात तुझ्या मताला सोयीचे तेवढे शब्द घेतलेस. विपक्षात जाऊन पाहिलंस का? ‘प्रमाण’ बघ.’’

‘मा’ म्हणजे मोजणं, त्याला ‘प्र’ लावून प्रमाण. ज्याच्याने खरं ज्ञान मोजून घेता येतं ते साधन: डोळ्यांनी पाहिलेलं प्रत्यक्ष, त्यावरून काढलेलं अनुमान, विश्वासू माणसाचा शब्द. त्या मापाने जे मोजलं जातं ते प्रमेय. म्हणून पायथागोरसचं ते प्रमेय. हा शब्द मराठीत घसरला नाही, पसरला. शिऱ्यातल्या साखरेचं प्रमाण, जन्माचं प्रमाणपत्र, प्रमाण मराठी, आणि बोलताना आपण दर चार वाक्यांमागे वापरतो ते नेहमीप्रमाणे, ठरल्याप्रमाणे, याप्रमाणे. तर्कशास्त्राचा एक शब्द शब्दयोगी अव्यय होऊन भाषेच्या सांध्यात जाऊन बसला, याहून मोठं स्वागत ते काय असणार?

आणि त्याच्यापासून झालेलं विशेषण ‘प्रामाणिक’. संस्कृतात प्रामाणिक म्हणजे प्रमाणावर आधारलेलं. हिंदीत अजून तोच अर्थ आहे: प्रामाणिक ग्रंथ, म्हणजे विश्वसनीय, अधिकृत. मराठीत, तसाच शेजारच्या गुजरातीत आणि कन्नडमध्ये, हा शब्द पुस्तकावरून उठून माणसाला जाऊन लागला. रिक्षात राहिलेली पिशवी परत आणून देणारा रिक्षावाला प्रामाणिक. चूक झाली असं सांगणारं मूल प्रामाणिक. ज्याच्यासाठी आपल्याजवळ प्रमाण आहे तेवढंच बोलायचं आणि नाही ते आपलं म्हणायचं नाही, याला या भाषांनी सज्जनपणाचं नाव दिलं.

त्या वर्षी मला तर्कशास्त्रात एकोणसाठ गुण पडले. पहिल्या वर्गाला एक गुण कमी होता. पेपर परत तपासायला टाकावा, एखादा गुण वाढेल, असा सल्ला मित्रांनी दिला. मी उत्तरं आठवून पाहिली. शेवटच्या प्रश्नात मी ‘सगळे आले नाहीत’ याचं सूत्र ‘एकही आला नाही’ असं लिहिलं होतं. पक्ष माहीत होता, साध्यही माहीत होतं, सिद्धता नव्हती. अर्ज केला नाही.